रेषेच्या आत रंगवून हात वळत नाही

शाळा सुरू व्हायच्या सुमारास पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. यंदा तो मला चौघांनी पाठवला, त्यात माझी भाचीही होती. तिची मुलगी पाच वर्षांची आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. चित्रकला उपजत असते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला साधा माणूस नीट काढता येत नसेल तर त्याच्या मागे लागू नका. हात वळवायचा तर रंगवायची पुस्तकं द्या आणि रेषेबाहेर रंग जाऊ देऊ नका. सोपी चित्रं पायरीपायरीने पाठ करून घ्या. रंगांची मोठ्यात मोठी पेटी घ्या. आणि पुढे सरकारी ड्रॉइंगची इंटरमिजिएट परीक्षा द्यायला लावा, कारण दहावीला वाढीव गुण मिळतात.

मी २६ वर्षं शाळेत ड्रॉइंगची बाई होते. यातल्या बहुतेक गोष्टी मी वर्गात खोट्या ठरताना पाहिल्या आहेत.

आधी ते ‘उपजत’. तीन-चार वर्षांची मुलं माणूस काढतात तो कसा? एक मोठा गोल, त्यात डोळे, आणि त्या गोलालाच फुटलेले पाय. पोट नाही, मान नाही. वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या भाषा बोलणारी मुलं हाच माणूस काढतात. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले: साधारण दोन ते चार वर्षं रेघोट्यांची, चार ते सात आकार सापडण्याची, सात ते नऊ ठरलेल्या खुणांची, आणि नवव्या वर्षाच्या आसपास ‘हे खऱ्यासारखं दिसत नाही’ अशी पहिली टोचणी. वयं थोडी मागेपुढे होतात, पण क्रम बहुतेक मुलांमध्ये दिसतो. म्हणजे पाच वर्षांच्या मुलीचा बिनमानेचा माणूस ही तिच्या वयाची खूण आहे. तिच्या चित्रात भिंत असूनही घरातली चूल दिसते, आजी घरापेक्षा उंच असते, जमीन म्हणजे कागदाच्या तळाशी एक रेघ असते. तिला जे माहीत आहे आणि जे महत्त्वाचं वाटतं ते ती काढते. तिथे ‘आजी एवढी मोठी कशी?’ असं हसून विचारलं की पुढची आजी छोटी होते आणि त्यानंतर बऱ्याचदा चित्रच बंद होतं.

नऊ-दहाव्या वर्षी मात्र शिकवावं लागतं, आणि शिकवता येतं. वर्गात तांब्या ठेवला की मुलं तोंड पूर्ण गोल काढतात आणि बूड सरळ रेघेचं. मी प्रत्येकाच्या हातात पेला द्यायची. पेल्याची कड डोळ्यांच्या रेषेत धरा: गोल नाहीसा होतो, फक्त आडवी रेघ उरते. आता पेला हळूहळू खाली न्या: रेघेचं लंबवर्तुळ होतं आणि ते फुगत जातं. मग मुलांना आपोआप कळतं की बूड डोळ्यांपासून आणखी खाली आहे, तर त्याची गोलाई तोंडापेक्षा जास्त हवी, कमी नाही. चाळीस जणांच्या वर्गात ज्यांना घरचे ‘याचा हात नाही’ म्हणायचे, त्यांचेही तांब्ये दोन तासांत टेबलावर नीट बसायचे. काही मुलांचा हात इतरांपेक्षा लवकर चालतो, हे खरं आहे. काही मुलं लवकर वाचायला लागतात, तसंच. पण म्हणून बाकीच्यांना आपण अक्षरं शिकवायची थांबवत नाही.

आता रंगवायच्या पुस्तकाकडे येते. मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याच्याचबद्दल.

मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मताना ती सगळी मऊ कूर्चेची असतात, एक्स-रेत दिसतही नाहीत. एकेक करून ती कठीण होत जातात आणि शेवटचं हाड दिसायला नववं ते बारावं वर्ष उजाडतं. चार वर्षांचं मूल खडू मुठीत धरून खांद्यापासून हात फिरवतं, कारण त्याचं शरीर अजून तिथे आहे. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, शेवटी बोटं. त्या मुलाला बोटभर रुंदीच्या सशाच्या कानात गुलाबी रंग भरायला बसवणं म्हणजे उलट्या टोकाने सुरुवात करणं. हात आखडतो, मूल दात-ओठ खातं, आणि रंग बाहेर गेला की ओरडा मिळतो. हात खरोखर वळवायचा असेल तर फरशीवर जुन्या कॅलेंडरची मागची कोरी बाजू पसरा, जाड खडू द्या आणि मोठमोठे गोल, लाटा, उभ्या-आडव्या रेघा काढू द्या. भिंतीवरचा फळा तर सगळ्यात उत्तम. उभ्या पृष्ठभागावर मनगट आपोआप योग्य बाजूला वळतं. आपल्याकडे अंगणातली रांगोळी आहेच: चिमूट धरणं, ठिपके सारख्या अंतरावर टाकणं, ठिपके जोडताना वळसा न तोडता नेणं. सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी यासारखा सराव मला दुसरा ठाऊक नाही.

आणि हात हा अर्धाच भाग झाला. छापील बाह्यरेषेत रंग भरताना मुलाने काहीच पाहिलेलं नसतं. कान कुठे सुरू होतो हे दुसऱ्याने ठरवलेलं असतं. मूल घटकाभर शांत बसावं म्हणून पुस्तक दिलं तर माझी तक्रार नाही. प्रवासात मीही दिलं असतं. फक्त त्याला चित्रकला शिकवणं म्हणू नका.

पाठ केलेल्या चित्राचं नुकसान याहून खोल असतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध अर्धा सूर्य, खाली रुंदावत येणारी नदी, कडेला झोपडी आणि नारळ, वर चार पक्षी. माझी शाळा पाचगणीच्या पायथ्याकडच्या गावात होती. खिडकीतून टेबललँडचा माथा दिसायचा, सुरीने कापल्यासारखा सपाट. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला आहे, म्हणून त्याचे कडे पायऱ्या-पायऱ्यांचे आणि माथे आडवे. रोज त्या खिडकीशी बसणारी मुलं ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की टोकदार त्रिकोण काढायची. मी विचारलं, हा डोंगर कुठला? एक मुलगा म्हणाला, ‘बाई, हा चित्रातला डोंगर आहे.’ त्यानंतर महिनाभर मी त्या वर्गाला फक्त खिडकीबाहेरच्या माथ्याची कड काढायला लावली, एका रेघेत, खोडरबर न घेता.

कुणी म्हणेल, वारली चित्रंही ठरलेल्या आकारांचीच असतात. असतात: गोल, त्रिकोण, चौकोन, आणि टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांचा माणूस. पण त्या दोन त्रिकोणांचा कल बदलला की माणूस वाकतो, पळतो, नाचतो, भारा उचलतो. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांनी गेरूच्या रंगावर तांदळाच्या पिठाने काढलेली माणसं पाहा. आकार तोच, पण प्रत्येकाचं काम वेगळं. तो आकार एखाद्या शब्दासारखा आहे, त्यातून हवं ते वाक्य करता येतं. पाठ केलेला देखावा म्हणजे आधीच पूर्ण झालेलं वाक्य, त्यात मुलाला सांगायला काही उरत नाही.

रंगपेटीबद्दल थोडक्यात. पोस्टर कलरच्या लाल, पिवळी, निळी अशा तीन बाटल्या आणि एक पांढरी पुरते, फक्त लाल कुठला ते बघा. क्रिमसन आणि निळा मिसळला तर जांभळा येतो. व्हर्मिलियन आणि निळा मिसळला तर मळकट तपकिरी, कारण व्हर्मिलियन पिवळ्याकडे झुकलेला असतो. ‘माझा जांभळा घाण झाला’ म्हणून रडणाऱ्या मुलाची चूक नसते, बाटलीची असते. घरी हळदीच्या पाण्यात चिमूटभर खायचा चुना टाकून दाखवा, पिवळ्याचा लाल होताना मुलं श्वास रोखून बघतात. (चुन्याला मुलांचा हात लावू देऊ नका.) मोठ्या पेटीचा आणखी एक तोटा आहे. तिच्यात एक फिकट गुलाबी खडू असतो, त्याला मुलं ‘स्किन कलर’ म्हणतात आणि स्वतःच्या सावळ्या आईला त्या रंगाने रंगवतात. मी तो खडू बाजूला ठेवायची आणि म्हणायची, आपापला हात कागदाशेजारी ठेवा, आणि तो रंग बनवा. तपकिरी, थोडा पिवळा, थोडा लाल, पांढरा. साठ हातांचे साठ रंग व्हायचे.

राहिली इंटरमिजिएट. परीक्षेला माझा विरोध नाही. मी शेकडो मुलं बसवली आहेत. तिच्या आधीच्या एलिमेंटरी परीक्षेत वस्तुचित्र आहे, स्मरणचित्र आहे, संकल्पचित्र म्हणजे नक्षीकाम आहे, आणि हे विषय विचारपूर्वक ठेवलेले आहेत. पण गुणांसाठीच बसवलं की स्मरणचित्राचं काय होतं बघा. शिकवणीत एकच ‘बाजार’ घोटून घेतात: डावीकडे भाजीवाली, उजवीकडे पिशवी घेतलेली बाई, मागे तंबू. विषय ‘जत्रा’ आला तर तंबूच्या जागी पाळणा. स्मरण म्हणजे पाहिलेलं आठवणं, आणि यात कुणी काही पाहिलेलंच नसतं.

मी मुलांना आठवडी बाजाराच्या दिवशी रिकाम्या हाताने पाठवायची. कागद न्यायचा नाही, फक्त बघून यायचं, आणि दुसऱ्या दिवशी काढायचं. सातवीतल्या एका मुलीच्या चित्रात एकही चेहरा नव्हता. धोतरातले पाय, लुगड्याचे काठ, चपला, टोपल्यांची बुडं, आणि खालून दिसणारं तराजूचं पारडं. ती आईबरोबर मिरच्या विकायला जमिनीवर बसायची.