कुठेच मुरत नसलेलं पाणी

‘कुठेतरी पाणी मुरतंय’ असं लोक संशयानं म्हणतात. आमच्या मागच्या अंगणातल्या लाकडी डेकखाली ते कुठेच मुरत नव्हतं. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी खाली डबकं, वर कुबट वास आणि संध्याकाळी डासांचं संमेलन. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर गेली की बुरशी त्याला खाऊ लागते, हे कळल्यापासून मी डेकवर जपून पावलं टाकू लागलो.

आधी जमिनीची परीक्षा. 30 सें.मी. खोल खड्डा खणायचा, एकदा पाणी भरून जिरू द्यायचं, मग पुन्हा भरून पट्टीनं मोजायचं. तासाला अडीच सें.मी. तरी उतरलं तर जमीन बरी. आमची पहिल्याच पाण्याला अडली. सकाळपर्यंत जेमतेम दोन बोटं उतरलं होतं, त्यातलंही थोडं कुत्रा प्यायला असावा. चिकणमाती! म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. वाळू मिसळण्याचा सल्ला एकानं दिला. तो मानला असता तर विटाच पडल्या असत्या.

शेवटी फ्रेंच ड्रेन करायचं ठरलं. चर खणायचा, कापड अंथरायचं, खडी आणि भोकांचा पाइप घालायचा. याचा फ्रान्सशी संबंध नाही. हेन्री फ्रेंच नावाच्या अमेरिकन माणसानं 1859 साली शेतातल्या निचऱ्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं हे नाव. त्यानं हे काम दीड फूट उंचीच्या डेकखाली पोटावर सरपटत केलं नसणार.

सहा मीटर चराला सहा सें.मी. उतार हवा. मी तो काटेकोर दिला, फक्त घराच्या दिशेनं. पुन्हा खणला. मग पाइप भोकं वर करून टाकला. ती खाली हवीत, कारण पाणी तळातून चढत आत शिरतं. पुन्हा उपसला.

तेवढ्यात सर आली. खाली पालथा पडलेल्या माझ्या मानेवर नळासारखी धार लागली. मान वळवून पाहिलं, तर छताच्या पन्हळीचा पाइप थेट डेकखाली सोडलेला! पन्नास चौरस मीटर छत, वीस मिलिमीटर पाऊस, म्हणजे एक हजार लिटर. माझ्या मानेवर.

‘‘तो पाइप वळवायचा का मग?’’ हिनं वरून, कोरड्यात उभं राहून विचारलं.

वळवला. अर्ध्या तासाचं काम. डेकखाली आता डबकं नाही आणि चर ठणठणीत कोरडा. दर पावसात मी त्याच्या टोकाशी छत्री घेऊन उभा असतो. इतका खणलाय, थेंबभर तरी यावं.