ते हिरवे गोळे खडे नाहीत, साबण आहे तो

परत तोच फॉरवर्ड आला. पित्त म्हणजे शरीरात साचलेलं विषारी ॲसिड, त्याचेच खडे होतात, रात्री ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस प्या, सकाळी खडे संडासवाटे बाहेर, आणि ऑपरेशन करून पित्ताशय काढलंत तर जन्मभर तेलकट काही पचणार नाही. खाली हिरव्या गोळ्यांचा फोटो.

"पित्त म्हणजे ॲसिड" - हा घोळ शब्दाचा आहे. छातीत जळजळलं की आपण 'पित्त झालं' म्हणतो, पण ते जठरातलं ॲसिड. यकृत रोज अर्धा ते एक लिटर जे पित्त बनवतं ते किंचित अल्कलाइन असतं, म्हणजे अगदी उलटं.

"विषारी आहे, साचतं" - बिलिरुबिन (जुन्या लाल रक्तपेशी मोडून बनणारं पिवळं रंगद्रव्य), जास्तीचं कोलेस्टेरॉल असला कचरा त्यातून बाहेर जातो हे खरं, शौचाचा रंग त्यामुळेच येतो. पण कामाचा माल आहे पित्तक्षार. ते साबणासारखे वागतात, एक टोक पाण्याला धरतं दुसरं चरबीला, आणि चरबीच्या मोठ्या थेंबाचे बारीक थेंब होतात, मग त्यावर स्वादुपिंडातलं लायपेज हे चरबी पचवणारं एन्झाइम तुटून पडतं (पित्तात स्वतःचं पाचक एन्झाइम नसतंच). हे नीट झालं नाही तर ए, डी, ई, के ही व्हिटॅमिन्सही धड शोषली जात नाहीत. आणि काम झाल्यावर साधारण 95 टक्के पित्तक्षार लहान आतड्याच्या शेवटी परत शोषून यकृताकडे पाठवले जातात, दिवसातून कितीतरी फेऱ्या. विष असतं तर शरीराने इतकं जपून परत आणलं असतं का?

"पित्ताशय काढलं की चरबी पचत नाही" - अहो पित्त यकृत बनवतं, पित्ताशय फक्त साठवून घट्ट करतं आणि जेवणानंतर पिळून सोडतं. ते काढलं तर पित्त थेट आतड्यात झिरपत राहतं. काहींना जुलाबाचा त्रास होतो, बहुतेकांचं नेहमीचं जेवण सुरू होतं.

आता ते गोळे. 2005 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी एका 40 वर्षांच्या बाईंची केस छापली होती. बाईंनी कुणाच्या तरी सल्ल्यावरून 600 मिली ऑलिव्ह ऑइल आणि 300 मिली लिंबाचा रस पिऊन टाकला, पहाटे हिरवे गोळे पडले, ते त्यांनी चक्क फ्रीजरमध्ये ठेवून क्लिनिकात नेले. तपासलं तर त्यात खऱ्या खड्यांत सापडतं ते काहीच नाही, ना कोलेस्टेरॉल ना बिलिरुबिन ना कॅल्शियम, 75 टक्के फॅटी ॲसिड, आणि 40 डिग्रीला ठेवल्यावर दहा मिनिटांत वितळून तेलकट हिरवं पाणी. म्हणजे प्यायलेल्याच तेलाचा पोटात साबण झाला होता, लिंबातल्या पोटॅशियमच्या मदतीने!

आणि फोटोतले गोळे गोटीएवढे असतात. पित्त आतड्यात नेणारी पित्तनलिका साधारण 6 मिमी रुंद, तिच्यातून गोटी न दुखता कशी जाईल? खरा बारीक खडा मात्र तिथे अडकू शकतो, कारण एवढं तेल आतड्यात उतरलं की पित्ताशय जोरात आकुंचन पावतं, आणि खडा अडकला की कावीळ, नाहीतर स्वादुपिंडाला सूज.

त्या बाईंच्या सोनोग्राफीत दिसलेले 1-2 मिमीचे खडे शेवटी दुर्बिणीतून ऑपरेशन करूनच काढावे लागले.