खुलासा : ‘शिक्षकांना कॉपीराइट लागू नाही’ हे चूक आहे

शिक्षकांच्या गटांत एक संदेश फिरतो आहे : ‘कलम ५२ मुळे शैक्षणिक कामासाठी पुस्तकं, सॉफ्टवेअर, काहीही कॉपी करता येतं.’ यातला पुस्तकांचा भाग बराचसा खरा आहे, सॉफ्टवेअरचा नाही.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(i) नुसार शिकवण्याच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थी मजकुराची प्रत काढू शकतात. प्रश्नपत्रिकेतही उतारा घेता येतो. दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी खटल्यात (अभ्यासक्रमातल्या उताऱ्यांच्या झेरॉक्सविरुद्ध प्रकाशकांनी केलेला दावा) २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पानांची ठरावीक टक्केवारी घातली नाही. शिकवण्यासाठी तेवढा मजकूर लागतो का, हा निकष धरला. म्हणून धड्यापुरत्या झेरॉक्स बिनधास्त काढा. पण अख्ख्या गाइडची पीडीएफ पालकांच्या गटात टाकणं या सवलतीत बसेल असं समजू नका. तिथे शिकवणं होत नाही, नुसतं वाटप होतं.

सॉफ्टवेअरला ही पळवाट नाही. कायदेशीर प्रत असेल तर सुरक्षेसाठी बॅकअप ठेवता येतो, पण एका संगणकाचा परवाना लॅबमधल्या वीस संगणकांवर चालत नाही. क्रॅक केलेली (परवान्याची अट तोडून चालवलेली) प्रत जाणूनबुजून वापरणं कलम ६३ब खाली गुन्हा आहे : ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. नफ्याचा हेतू नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं, गुन्हा मात्र उरतोच.

लॅबसाठी लिब्रेऑफिस (लेखन आणि तक्ते), गिंप (चित्रं), उबुंटू (विंडोजऐवजी) घ्या. ही खुल्या परवान्याची, म्हणजे मोफत वापरता आणि वाटता येणारी सॉफ्टवेअर आहेत. कितीही संगणकांवर टाका. मराठीसाठी ‘मुक्त’ फॉण्टही खुल्या परवान्याचा आहे.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच गटात हा खुलासा टाका.