ती चकती सहाणेवर उगाळू नका

माझी आत्या पंचवटीत राहते. परवा भिशीच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज तिने मला पाठवला आणि पाठोपाठ फोन केला, "अरे, पाण्यात उगाळायची की दुधात?"

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: मधोमध भोक असलेली मातीची किंवा दगडाची नक्षीदार चकती घरात असेल तर ती रामायणकाळातला शक्तिमणी आहे. कार्बन टेस्टने सात हजार वर्षं सिद्ध झाली आहेत. नक्षीत ग्रहांचं यंत्र दडलंय. उगाळून घेतली की गुडघेदुखी आणि थायरॉईड जातो. परदेशात लाखोंना जाते. आणि शेवटी टोमणा: 'विद्वान हिला सूत कातायची चकती म्हणतात! एवढी नक्षी सुतासाठी कोण करील?'

उगाळण्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचं नुसतं खोटं आहे, हे पोटात जाणार आहे. आपण सहाणेवर वेखंड, जायफळ उगाळतो ते ओळखीचं असतं म्हणून. ही चकती कुठल्या दगडाची, कुठल्या मातीत पडून होती, विकणाऱ्याने चमक यावी म्हणून तिला काय फासलं, यातलं काही कुणाला माहीत आहे का? आत्या थायरॉईडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घेते. तीच आता हा दगड घ्यायला निघाली होती, आणि 'मग गोळी बंद करू का' हा तिचा पुढचा प्रश्न होता! मेसेज लिहिणाऱ्याला मी इथे शिव्या देत नाही, कारण आत्याही हे वाचणार आहे.

आता तो टोमणा. आत्याची चकती आतोबांनी कधीतरी गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून आणलेली. मऊ, काळपट दगड. खालून सपाट, वरून घुमटासारखी, घुमटावर सहा वर्तुळं आणि प्रत्येकात एक ठिपका. पेन्सिल एका बाजूने सहज आत जाते आणि दुसऱ्या बाजूला घट्ट बसते, म्हणजे भोक निमुळतं आहे, काडी रुतून बसावी असं. भोकाच्या काठावरचा दगड वापराने गुळगुळीत झालाय. सराफाच्या काट्यावर वजन भरलं 14 ग्रॅम. पेन्सिल अडकवून फरशीवर फिरवली तर भोवऱ्यासारखी फिरत राहिली, जराही डगमगली नाही. मण्याला एवढं मोठं भोक लागत नाही, दोरा जाईल एवढं पुरतं. मासेमारीच्या जाळ्याच्या वजनाला तोल लागत नाही, जडपणा लागतो. तोल लागतो तो टकळीला, म्हणजे हाताने फिरवून सूत कातायच्या काडीला; तिच्यावर अशी चकती बसवतात. चकती जड असली की फिरकी टिकते, पण कापसासारखा आखूड तंतू जास्त जड चकतीला तुटतो, म्हणून बारीक सुताला हलकी चकती आणि जाड लोकरीला जड.

आणि सुतासाठी नक्षी कोण करील? ज्याचं पोट सुतावर चालतं तो. लांब कशाला जायचं, नाशिकच्याच पांडवलेणीत जा. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने 3000 कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, नाशिकजवळच्या गोवर्धनच्या कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, श्रेण्यांकडे (व्यावसायिक संघांकडे) कायमची ठेव म्हणून ठेवली. त्यातली 2000 दरमहा शेकडा एक दराने, 1000 शेकडा पाऊण दराने. 2000 चं व्याज वर्षाला 240 होतं. लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचा मुक्काम, करणाऱ्या 20 भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी 12. गुणाकार करून बघा, बरोबर 240. मुद्दल कधी परत घ्यायचं नाही, असंही त्यात आहे. राजाचा जावई ज्या विणकरांवर असा विसंबतो, त्यांना सूत पुरवणाऱ्या हातांतली चकती देखणी असली तर नवल कसलं? ट्रॉयच्या उत्खननात अशा नक्षीच्या हजारो चकत्या निघाल्या आहेत. तिथेही सगळेच ग्रहांची यंत्रं कोरत बसले होते का?

त्या वर्तुळात-ठिपक्याबद्दलही सांगतो. ही नक्षी हडप्पाच्या वस्तूंवर आहे, रोमन हाडांच्या वस्तूंवर आहे, मध्ययुगातही आहे. कारण साधं आहे: मधे टोक आणि बाजूला दात असलेलं हत्यार एकदा गरकन फिरवलं की ठिपका आणि वर्तुळ एकदमच उमटतात. म्हणून नुसत्या नक्षीवरून ना वय कळतं ना गाव. वय कळतं ते वस्तू कुठल्या थरात, कशाच्या शेजारी सापडली यावरून, आणि बाजारात आलेल्या चकतीचा नेमका तोच धागा तुटलेला असतो.

कार्बन टेस्ट? ती एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूची होते: कोळसा, हाड, लाकूड. दगडाचं वय तिने निघत नाही. पुढे.

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. नाशिक जुनं आहेच. 1950-51 साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी इथे उत्खनन केलं तेव्हा ताम्रपाषाणयुगापर्यंतचे, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं सोबत वापरली जात त्या काळापर्यंतचे, थर लागले. त्यामुळे घराचा पाया खणताना एखादी चकती खरंच निघू शकते. आणि लोक अशा चकत्या गंडादोऱ्यासारख्या जपतात हेही खरं. स्कॉटलंडमध्ये जुन्या टकळीच्या चकत्या सापाचा मणी म्हणून घरात ठेवत. म्हणजे हा वेडेपणा फक्त आपल्या भिशीचा नाही.

राहिले लाखो रुपये. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याने तुम्हाला ती परदेशात पाठवता येत नाही आणि परवान्याशिवाय तिचा धंदा करता येत नाही. 'फोटो पाठवा, नोंदणीचे पाचशे भरा' असं त्या मेसेजखाली लिहिलंय, लाख तिथेच गोळा होत असणार.

आत्याने चकती परत देव्हाऱ्यात ठेवली. ठेवू दे. आतोबांनी ती कुठून आणली ते तिच्याकडून कागदावर लिहून घेऊन चकतीखाली ठेवलंय. सहाण मात्र मी घरी घेऊन आलोय.