यंत्र बोलत नाही, तात्या थांबत नाहीत

यंत्र चालू होत नाही अशी तक्रार करायला फोन लावला की पलीकडची मुलगी म्हणते, ‘सर, यंत्र ऑन करा आणि स्क्रीनवर कोणता कोड दिसतो ते सांगा.’ अगं बाई, कोड दिसला असता तर तुला कशाला फोन केला असता? मग ती म्हणते, ‘तुमची गैरसोय मी समजू शकते.’ ती नेमकं काय समजली हे विचारेपर्यंत रेंज जाते. आमच्या राजापूरकडच्या घरी रेंज फक्त विहिरीच्या कठड्याशी येते, आणि तिथे फार जोरात भांडता येत नाही. तोल जातो.

प्रकरण एवढंच. अंगण झाडताना आत्याच्या एका कुडीची फिरकी सैल होऊन कुडी पडली. मोत्याची, तिच्या आईची. अंगण, परस, गोठ्याची वाट, सगळा केर चाळून झाला. मग मी शहाणपणा करून मेटल डिटेक्टर मागवला. कुरियरवाला घरापर्यंत येत नाही, तिठ्यावरच्या दुकानात खोकं टाकून जातो. तिथून ते आणलं, दांडा जोडला, चकती जोडली, वायर गुंडाळली, बटण दाबलं. ढिम्म. बटण दाबून धरलं. ढिम्म. सोबतच्या पुस्तिकेत ‘यंत्र चालू न झाल्यास’ या मथळ्याखाली ‘बॅटरी तपासा’ एवढंच छापलंय, आणि पुढची आठ पानं सहा भाषांत हेच सांगतात. त्यात मराठी नाही.

बॅटरी नऊ व्होल्टची, चौकोनी. तिठ्यावरच्या दुकानात घड्याळाचे सेल मिळतात, टॉर्चचे मिळतात, चौकोनी मिळत नाही. वाडीत ती एकाच ठिकाणी असते, भजनी मंडळाच्या बुवांकडे, कॉर्डलेस माइकसाठी. बुवांनी दिली, पण ‘एकादशीच्या आत परत’ असं बजावून. नवी बॅटरी घातली. ढिम्म.

इथवर मी शांत होतो. मग तात्या आले.

तात्या समोरच्या घरातले. त्यांना कोणी बोलवावं लागत नाही. कुणाच्या अंगणात दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ कोणी ओणवं दिसलं की ते पायरी उतरतात.

‘काय रे ते? गवत कापायचं?’

‘मेटल डिटेक्टर आहे, तात्या. जमिनीतला धातू ओळखतो.’

‘कसा काय?’

इथे मी चूप बसायला हवं होतं, पण शिकलेल्या माणसाला राहवत नाही. म्हटलं, ‘चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज सोडली की खाली चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तिथे धातू असला की त्यातही वीज फिरायला लागते. ती हे यंत्र पकडतं आणि ओरडतं.’

‘मग ओरडत का नाही?’

‘चालूच होत नाहीये.’

‘म्हणजे खाली धातू नाही.’

‘तात्या, ते बंद आहे.’

‘तेच म्हणतोय मी. खाली काही नसताना ओरडेल कशाला? इमानी यंत्र आहे. तू उगाच त्याला दोष देतोयस.’

यावर काय उत्तर असतं? मी अजून शोधतोय. रात्री अंथरुणावर पडल्यावरही शोधतो.

‘केवढ्याला पडलं?’

मी किंमत निम्मी करून सांगितली. तात्यांनी ती मनातल्या मनात आणखी निम्मी केली असावी, तरी म्हणाले, ‘एवढ्यात नवी कुडी झाली असती.’

‘आत्याला तीच हवी आहे.’

‘मग मला का नाही सांगितलंस आधी? मी पायाळू.’

पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी आले तो. अशा माणसाला जमिनीखालचं पाणी आणि धन कळतं, असा आपल्याकडचा जुना समज. तात्यांनी या जोरावर वाडीत बऱ्याच विहिरींच्या जागा दाखवल्यात. पाणी लागलेल्या विहिरी ते स्वतः मोजतात, कोरड्या मोजायचं काम लोकांवर सोडलंय.

त्यांनी आधी माझ्या हातून यंत्र घेऊन चकतीवर थाप मारली. मग विचारलं, ‘नारळ फोडलास?’ नाही म्हटल्यावर त्यांनी आत्याकडे असं पाहिलं, की या पोराला कोणी काही शिकवलंच नाही का. मग बॅटरी काढून थेट जिभेला लावली. ‘झणझणते. चांगली आहे.’ आता यात संतापायचं काय, तर त्यांचं बरोबर होतं म्हणून. मी पुस्तिका वाचून अर्धा दिवस घालवला होता, आणि या गृहस्थांनी जीभ बाहेर काढून निकाल दिला. बुवांची बॅटरी आता माइकमध्ये परत जाणार, हे मात्र मी बुवांना सांगितलेलं नाही.

दुपारी पंपासाठी वायरमन आला. त्याच्याकडे मीटर होता. बॅटरीपाशी नऊ व्होल्ट पूर्ण, बटण दाबलं तरी यंत्र ढिम्म. ‘मध्ये तार सुटलीय. खोला, दोन मिनिटांत सोल्डर मारून देतो.’ खोलायला एकच स्क्रू, आणि त्या स्क्रूवर चांदीच्या रंगाचा कागद चिकटवलेला, ‘हा काढल्यास वॉरंटी रद्द’. म्हणजे दुखणं कळलंय, वैद्य दारात उभा आहे, औषध त्याच्या पिशवीत आहे, आणि परवानगी नाही. वायरमन म्हणाला, ‘ब्लेडनं अलगद काढू, परत चिकटवू.’ मी नको म्हटलं. वॉरंटी वाचवायची होती ना.

पुन्हा विहिरीच्या कठड्यावर. सर्व्हिस सेंटर कोणत्याशा मोठ्या शहरात. यंत्र तिथे पाठवायचं, स्वतःच्या खर्चाने, ‘ओरिजिनल पॅकिंगमध्ये’. आत्याला विचारलं, खोकं कुठेय? ती म्हणाली, ‘सकाळी बंबात घातलं की. पुठ्ठा काय सुरेख पेटतो रे! थर्माकोल नाही घातला हं, त्यात मिरचीची रोपं लावलीत.’ ते मी फोनवर सांगितलं. मुलीने पुन्हा गैरसोय समजून घेतली.

आता जरा चिडून लिहितो. जो माणूस राजापूरच्या पुढे राहतो, त्याने सुटलेली तार जोडायला घाट ओलांडून पार्सल पाठवायचं, हे ठरवलं कोणी? कारखान्यात खोक्यात भरण्याआधी कोणी एकदा, फक्त एकदा, बटण दाबून पाहिलं असतं तर? जाहिरातीत पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर एक गोरा म्हातारा शीळ घालत हे यंत्र फिरवतो. आमच्या अंगणात जांभा. जांभा लाल आहे तो त्यातल्या लोहामुळेच. अशा जमिनीत ही यंत्रं मातीलाच धातू समजून बोंबलतात, त्यांना आधी जमिनीशी जुळवून घ्यावं लागतं. तेही जाहिरातीत नाही. पण तो पुढचा भाग. आमचं बोंबलायलाही तयार नाही.

या यंत्राच्या घराण्याला अपयश नवं नाही म्हणा. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठे अडकलीय ते शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहम बेल आपलं यंत्र घेऊन गेले. गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, त्यांनी घोळ घातला. वर डॉक्टरसाहेबांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली, कारण गोळी उजवीकडे आहे हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. गोळी डावीकडे होती. तिथेही एक तात्या होते, एवढंच यातून कळतं. पण बेलसाहेबांचं यंत्र निदान चालू तरी झालं.

आणि १९९२ मध्ये इंग्लंडात हॉक्सन नावाच्या गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. शोधायला मित्र डिटेक्टर घेऊन आला आणि खाली रोमन काळातलं घबाड लागलं, पंधरा हजारांच्या आसपास नाणी. हातोडाही सापडला, तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हे मी तात्यांना सांगितलं ते निव्वळ यंत्राची बाजू राखायला. त्यांनी एवढंच ऐकलं की शेतात सोनं असतं.

संध्याकाळी चहा घेऊन बाहेर येतो तर तात्या तुळशीवृंदावनामागे अनवाणी उभे, डोळे मिटलेले, डाव्या पायाचा अंगठा थरथरतोय. ‘इथे,’ म्हणाले. मी काही बोलायच्या आत त्यांनी कुदळ मारली. हातभर खणल्यावर ठण्ण आवाज आला. आत्या धावत आली. निघाली एक बिजागरी. लोखंडी, गंजून फुगलेली, पणजोबांच्या वेळच्या कुठल्यातरी दाराची.

‘बघ,’ तात्या म्हणाले, ‘धातू आहे की नाही?’

शंभर वर्षं माणसं नांदलेल्या घराच्या अंगणात कुठेही खणलं तरी खिळा-बिजागरी निघणारच, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वाडीभर सांगितलं, की पुण्याच्या यंत्राला जे जमलं नाही ते अंगठ्याने केलं. यंत्र पुण्याचं नाही, मी पुण्याचा आहे. पण सांगणार कोणाला?

त्यांना गप्प करायचं म्हणून मी कायदा काढला. म्हटलं, तात्या, जपून. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, काय सापडलं, कुठे, कधी, अंदाजे किंमत किती. नाही कळवलं तर तुरुंग होऊ शकतो.

तात्या घाबरतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, ‘आणि कळवलं तर?’

धन्यात आणि शोधणाऱ्यात वेगळा करार नसेल तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश, उरलेलं जमिनीच्या धन्याला, हे मी सांगून बसलो.

बिजागरी सध्या तात्यांच्या खिडकीत आहे. ती दहा रुपयांच्या वर जाते की नाही यावर त्यांचा आणि भंगारवाल्याचा वाद चालू आहे. भंगारवाला सहा म्हणतो, तात्या पुरातत्त्व म्हणतात. अर्ज मी लिहायचाय, कारण मी शिकलेला. मसुदा त्यांनी सांगून ठेवलाय, आणि ‘सदर वस्तू शोधण्यात यंत्राचा कोणताही सहभाग नव्हता’ हे वाक्य त्यांना अधोरेखित हवंय. आत्या म्हणते, लिहून टाक एकदाचं, आणि त्यातच खाली कुडीचंही विचार.