नाव कोल्हापूरचं राहणार का ते आधी विचारा

कोल्हापुरी चप्पल परदेशात विकण्याबद्दलच्या एका लेखात म्हटलंय की माल इथंच ऑनलाइन विक्रीच्या प्लॅटफॉर्मला विकायचा, पुढं परदेशात ते विकतील, म्हणून सगळ्यांनी जॉइन व्हावं. माझं कोल्हापुरात चप्पल लाईनला दुकान आहे, ऑनलाइन पण विकतो, मला हे अर्धंच पटलं. कटकट वाचते हे खरंय, नाहीतर स्वतः पाठवायचं तर आयईसी (निर्यातीसाठीचा सरकारी नंबर) काढा, जीएसटीचा एलयूटी (टॅक्स आधी न भरता निर्यात करायचं हमीपत्र) भरा, त्यात अमेरिकेनं 29 ऑगस्ट 2025 पासून 800 डॉलरच्या आतल्या पार्सलची ड्युटी माफी पण काढून टाकली, एकेक जोड पाठवणाऱ्याला ते झेपत नाही ओ. पण मग तिकडचा दर ते ठरवणार, गिऱ्हाईक कोण ते आपल्याला कळणार नाही, आणि लेबलवर कोल्हापूर राहील का? 2019 ला जीआय (म्हणजे ते नाव फक्त त्या भागातल्या मालालाच लावायचं, असा कायदेशीर टॅग) मिळालाय आपल्या चप्पलेला, तरी 2025 ला प्राडा या इटलीच्या फॅशन ब्रँडनं मिलानच्या शोमध्ये तसलीच चप्पल आपलं नाव न घेता दाखवली, तेव्हा इथल्या कारागिरांना किती लागलं ते मी बघितलंय. गेल्या वर्षी असल्याच एका प्रोग्रॅमला मी 20 जोड दिले, 6 परत आले, पावसाळाभर गोदामात पडून चामड्याला बुरशी, आणि तो खर्च माझ्याच अंगावर. त्यामुळं आधी थोडाच माल द्या आणि रिटर्नचं लिहून घ्या. कोल्हापुरातनं अजून कोणी केलंय का हे? तुमचं पेमेंट किती दिवसांनी आलं तेवढं सांगा.