खजिना राहू द्या, आधी पाणी कोणी अडवलं ते सांगा

आमच्या घरात सिनेमा बघत नाहीत, सिनेमाची सुनावणी होते. आरोपी टीव्हीवर, सोफ्यावर वकीलच वकील, आणि मी ती पट्टेवाली जी मधेमधे उठून पाणी, चहा, चिवड्यावर घालायला कांदा-लिंबू आणते आणि "थांबव गं जरा" असा हुकूम आला की रिमोट दाबते.

मे महिना. नाशिकला आता चाळीशीपार ऊन असतं, "आमचं थंड हवेचं नाशिक" वगैरे फक्त अप्पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या बोलण्यात उरलंय. दुपारी बाहेर पडायची सोय नाही, त्यात पैठणहून नणंद आणि दाजी आलेले, पोराला सुट्टी, नवऱ्याला रविवार. म्हटलं चला एखादा मस्त वाळवंटातला खजिना शोधायचा सिनेमा लावू, मारामारी आहे, उंट आहेत, सोनं आहे, सगळ्यांना काही ना काही मिळेल. म्हणून २००५ सालचा 'सहारा' लावला. गोष्ट साधी आहे, अमेरिकेत १८६५ साली यादवी संपता संपता एक लोखंडी चिलखत घातलेलं जहाज सोनं घेऊन सटकतं आणि गायब होतं, आणि आजच्या काळात एक हिरो आणि त्याचा बडबड्या दोस्त ते जहाज आफ्रिकेत, मालीच्या वाळवंटात शोधत फिरतात. सोबत जागतिक आरोग्य संघटनेची एक डॉक्टरीण, जी तिकडे कसली साथ पसरलीय त्याचा माग काढतेय.

हिंदी आवाज नव्हता. मग खाली इंग्रजी अक्षरं लावली, तर अप्पांनी ती मोठ्याने वाचायला घेतली आणि वाचून झालं की सासूबाईंसाठी मराठी करून सांगायला घेतली, त्यामुळे झालं काय की "खाली वाका, गोळीबार होतोय" हे सासूबाईंना कळेपर्यंत गोळीबार संपून हिरो आंघोळ करून दुसरा शर्ट घालून बसलेला. "आत्ता वाका म्हणाला ना? मग हा बसलाय का?" थांबव गं जरा.

पण खरा खटला उभा राहिला तो जहाजावरून. जहाज वाळवंटात पोचलंच कसं? तर सिनेमावाल्यांचं म्हणणं असं की तेव्हा नदीला पाणी होतं, जहाज नदीतून आत गेलं, नंतर पाणी हटलं आणि जहाज तिथेच वाळूत राहिलं. एवढं कळल्याबरोबर दाजी, जे तोवर मोबाईलवर सिमेंटचे भाव बघत होते (कॉन्ट्रॅक्टर आहेत), ते मान वर करून शांतपणे म्हणाले, "वरच्यांनी अडवलं असणार."

हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दाजींचं घर पैठणला, जायकवाडी धरणाच्या अगदी उशाशी. आम्ही गोदावरीच्या वरच्या अंगाला. दरवर्षी १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असलं की आमच्याकडच्या गंगापूर, दारणा, मुकणे अशा धरणांतून खाली पाणी सोडायचं की नाही यावरून मोर्चे, कोर्ट, पेपरात मोठाले मथळे, सगळं होतं. आणि त्यात दाजी पडले जावई. जावयाशी अप्पा भांडू शकत नाहीत आणि पाण्यावर गप्पही बसू शकत नाहीत. मग ते अत्यंत गोड आवाजात भांडतात. "जावईबापू, तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे हो, पण आमच्या द्राक्षबागा काय ढगातून पाणी पितात का?" त्यावर दाजी, "अप्पा, तुमची द्राक्षं जगली पाहिजेत, आमची माणसंही जगू द्या." नवरा मधे पडला, बाष्पीभवन किती होतं माहितीये का वगैरे. नणंदबाई माहेर नाशिक, सासर पैठण, त्यांना विचारलं तुझं काय मत, तर म्हणे "आधी पंखा वाढवा." हुशार आहेत.

तेवढ्यात दाजींनी मोबाईलवर शोधून हुकमाचा एक्का काढला. समन्यायी पाणीवाटपाचा तो कायदा २००५ चा. सिनेमाही २००५ चा. "बघा! तिकडे पण त्याच साली लोकांना हा प्रश्न कळला." याच्यावर काय बोलणार. एवढा वेळ टीव्हीवर ती डॉक्टरीण झालेली पेनेलोपी क्रूझ एक डोळा अर्धा मिटून, तोंड उघडं, शिंक अडकल्यासारखी उभी. एवढी देखणी बाई, पण आमच्या घरात बराच वेळ ती तशीच होती.

मला यात खरं तर एक भारी गोष्ट सांगायची होती. सिनेमातली ती नायजर नदी अटलांटिक समुद्रापासून जेमतेम अडीचशे किलोमीटरवर उगम पावते आणि सरळ समुद्राकडे जायचं सोडून उलटी आत वाळवंटाकडे जाते, टिंबक्टूपाशी वळसा घेते आणि चार हजारच्या वर किलोमीटर हिंडून मग समुद्राला मिळते. आणि आपली गोदावरी? त्र्यंबकला उगवते, तिथून अरबी समुद्र ऐंशीएक किलोमीटरवर, पण ही बाई निघाली पूर्वेला, १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागरापर्यंत. दोघी एकाच स्वभावाच्या. हे मी सांगितलं सुद्धा. अप्पा म्हणाले, "हो हो, चहात आलं घातलंस का?"

पोराचं मत वेगळंच. तो नववीत. त्याला वाटलं हा सगळा सिनेमा त्याच्या त्या 'अनचार्टेड' गेमवरून ढापलाय. त्याला सांगितलं की बाबा रे, गेम २००७ चा, सिनेमा दोन वर्षं आधीचा, तर म्हणतो "मग सिनेमाने आधीच कॉपी मारली." पण त्यानेच पुढे मोबाईलवरून मस्त माहिती काढली की अशी चिलखती जहाजं समुद्रात टिकायचीच नाहीत, 'मॉनिटर' नावाचं प्रसिद्ध जहाज १८६२ च्या ३१ डिसेंबरला वादळात बुडालं, आणि ते तर दुसऱ्या बोटीला बांधून ओढून नेत होते तरी. मग असलं जहाज अख्खा अटलांटिक ओलांडून आफ्रिकेत कसं जाईल? वर सिनेमातल्या जहाजाचं जे नाव, 'टेक्सास', त्या नावाचं खरंखुरं जहाज रिचमंडला, म्हणजे यादवीतल्या दक्षिणवाल्यांच्या राजधानीत होतं, १८६५ च्या जानेवारीत पाण्यात उतरवलं, पण पूर्ण बांधून होण्याआधीच रिचमंड शत्रूच्या हाती पडलं. नवरा म्हणाला, "म्हणजे पझेशनच्या आधीच बिल्डर गायब." पाथर्डी फाट्याकडे आमचा एक फ्लॅट असाच अडकून पडलाय, त्यामुळे त्याला त्या जहाजाबद्दल एकदम माया वाटायला लागली.

नवरा अंबड एमआयडीसीत आहे, मशीनी बघतो. तो माणसांकडे बघतच नाही, त्याला फक्त फिरणारी वस्तू दिसते. सिनेमात हिरो आणि दोस्त वाळवंटात पडलेल्या मोडक्या विमानाला शीड लावतात आणि वाऱ्यावर ती गाडी पळवतात, मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. याचं सुरू, "बेअरिंग? बेअरिंग कुठंय? एवढी वाळू, दोन मिनिटांत जाम होईल. ग्रीस कुठून आणलं?" म्हटलं अरे शिडाच्या गाड्या खऱ्या असतात, हॉलंडमध्ये १६०० च्या सुमाराला सायमन स्टेविनने समुद्रकिनाऱ्यावर राजपुत्राला बसवून पळवली होती. तर म्हणे "किनाऱ्यावरची वाळू ओली असते." झालं. चारशे वर्षांपूर्वीचा माणूस नापास.

सासूबाईंना खजिन्याशी, जहाजाशी कशाशी देणंघेणं नव्हतं. त्यांचा जीव त्या डॉक्टरणीत. एवढ्या उन्हात ही बाई उघड्या डोक्याने फिरतेय, आपल्या कॉलेज रोडवरच्या पोरी बघा कशा स्कूटीवर डोळे सोडून सगळं स्कार्फने बांधतात, आणि हिला कोणी टोपी पण देत नाही, जेवलीस का म्हणून विचारत नाही. मग पडद्यावर ते तुआरेग, म्हणजे तिकडच्या वाळवंटातले भटके लोक आले, तोंडाला फडकं गुंडाळलेले. मी सांगितलं की आई, या लोकांत पुरुष तोंड झाकतात, बायका नाही. सासूबाईंनी ते नीट ऐकलं, वळून अप्पांकडे बघितलं (अप्पा तेव्हा मोठ्याने सबटायटल वाचत होते) आणि म्हणाल्या, "चांगली पद्धत आहे."

आता अप्पांचं. अप्पा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेत. प्रेस म्हणजे पेपरची नाही, नोटांची, १९२८ पासून जिथे नोटा छापल्या जातात ती. त्यामुळे सिनेमात हिरोला यादवीत हरलेल्या त्या दक्षिणेकडच्या सरकारचं सोन्याचं नाणं सापडतं आणि त्यावरून तो सगळा शोध लावतो, तिथे अप्पा उसळले. "या लोकांकडे नाणी होतीच कुठे? सगळा कारभार कागदावर." आणि गंमत म्हणजे खरं निघालं! त्या सरकारने नोटा छापछापून छापल्या, लढाई हरल्यावर त्या रद्दी झाल्या, आणि नाणं म्हणाल तर १८६१ मध्ये चांदीचे अर्ध्या डॉलरचे चार नमुने पाडले, तेवढेच. हे वाचून दाखवल्यावर अप्पांनी जो चेहरा केला तो मला अजून आठवतोय, जणू त्यांनीच ते चार मोजून दिले होते. "कागद बोलतो," म्हणाले, "सोनं काय, सोनं गप्प असतं."

आणि मग ते आलंच. वाळू, डोंगर, सोनं, काहीही दिसलं की अप्पा एक सिनेमा काढतात. 'मॅकेनाज गोल्ड'. १९६९ चा. आमच्या घरात कुठल्याही सिनेमाचं मार्कशीट याच्याच शंभरातून निघतं. "ग्रेगरी पेक! ओमर शरीफ! सकाळी ऊन येतं, त्या उंच सुळक्याची सावली सरकत सरकत जाते आणि खिंडीचं तोंड दाखवते. अंगावर काटा! तुमच्या या पोराकडे काय, तर नुसते पांढरेशुभ्र दात." तो सिनेमा म्हणे अमेरिकेत आपटला आणि आपल्याकडे तुफान चालला, यातून अप्पांनी काढलेला निष्कर्ष असा की अमेरिकेला सिनेमा कळत नाही, नाशिकला कळतो, कारण फाळके आपले. १८७० ला त्र्यंबकला जन्म, १९१३ ला पहिला सिनेमा, १९४४ ला इथेच गेले. म्हणजे मत द्यायचा हक्क वारशाने आलाय. फक्त तो मॅकेना नक्की कुठे बघितला यावर मतभेद आहेत, अप्पा म्हणतात सर्कलला, सासूबाई म्हणतात हेमलताला, आणि "तुम्ही मला नेलंच नव्हतं, मित्रांबरोबर गेला होतात" हे त्यांनी इतक्या वर्षांनी परवा परत एकदा काढलं. थांबव गं जरा.

शेवटी ते जहाज सापडतं, हिरो त्या जहाजावरची जुनी तोफ वापरून हेलिकॉप्टर पाडतो. एकशे चाळीस वर्षांची दारू! "आमचे गेल्या दिवाळीचे लक्ष्मीबॉम्ब यंदा फुसके निघाले," नवरा. इथे मात्र सगळ्यांचं एकमत झालं, पहिल्यांदाच, सिनेमा बोगस.

मला राग आला. मला आवडला होता. नदीतला तो बोटींचा पाठलाग, दोघा मित्रांची ती खिचाखिची, काय वाईट आहे? पण आमच्याकडे कोणी सिनेमा बघतच नाही ना, प्रत्येक जण आपापलं दुखणं घेऊन बसतो आणि पडद्यावर त्याचंच उत्तर शोधतो, दाजींना पाणी, नवऱ्याला बेअरिंग आणि फ्लॅट. तरी म्हटलं एकट्या आमच्याच घरचा दोष नको, बघू जगाने काय म्हटलं. तर जगाचं तर त्याहून वाईट! मूळ कादंबरीचा लेखक क्लाइव्ह कसलर, तो तर सिनेमा थिएटरला लागायच्या आधीच निर्मात्यांविरुद्ध कोर्टात गेलेला. खर्च सोळा कोटी डॉलरच्या घरात, जगभरातून तिकिटांचे आले बारा कोटीच्या आतच. अप्पा खूश, "खजिना शोधायला गेले आणि घरचा घालवून आले."

एका विमान कोसळण्याच्या ४६ सेकंदांच्या दृश्यावर वीस लाख डॉलर घातले आणि ते दृश्य सिनेमात ठेवलंच नाही. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आपल्याला दाखवलंच नाही? शोध ना, कुठे असेल." आणि सगळ्यात भारी म्हणजे शूटिंग मोरोक्कोत झालं, तिथल्या खर्चाच्या हिशोबात चक्क 'स्थानिक लाच' अशी नोंद होती, नंतर २००७ मध्ये अमेरिकेतल्या 'लॉस एंजेलिस टाइम्स' पेपरने ते सगळं छापलं. हे ऐकल्यावर दाजींनी मोबाईल खाली ठेवला. पूर्ण सिनेमाभर तो माणूस एवढा हादरला नव्हता.

"लिहून ठेवतात?" दाजी म्हणाले.

"हो. हिशोबात."

"बिलावर?"

"हो दाजी."

बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "काय साधी माणसं असतात हो."

रात्री भांडी आवरत होते तर हॉलमधून सासूबाईंचा आवाज, सिन्नरला बहिणीला फोन. "अगं छान होता सिनेमा. जहाज अडकलंय जायकवाडीत, पाणीच सोडत नाहीत ना. एक डॉक्टरीण आहे बिचारी, उन्हात नुसती करपली. मग डोंगराची सावली पडते आणि सोनं सापडतं. ... नाही गं, मधे माझा डोळा लागला होता, पण नक्की बघ. ... कोण, आमची सूनबाई? नाही, तिने कुठला बघितला, ती सारखी उठून जात होती."